अकरावं प्रकरण

प्रकाशक गोरे पुण्याहून फोनवर म्हणाले,
नायक जरा थंड वाटतो, बाई.
अकराव्या प्रकरणात त्याला धावू दे.
भरती चढतेय, ती पलीकडे उभी आहे,
अशा वेळी पुरुष विचार करत नाही.

मी म्हटलं, बघते.

सोळा कादंबऱ्यांत मी पुरुषांना धावायला लावलं.
एकाने लग्नाच्या मांडवातून मोटारसायकल काढली,
पेट्रोल कुणी भरलं होतं, मी लिहिलं नाही.
एक सर्जन ऑपरेशन सोडून विमानतळावर गेला.
टेबलावरचा पेशंट
अजून कधीकधी माझ्या स्वप्नात येतो,
विचारतो, माझं काय झालं?

हा सगुण मात्र हलेना.
मंडूरच्या खाजनात खाडीचं पाणी अडवणारी
मानस सांभाळतो,
खिशात भरती-ओहोटीचा कागद घेऊन फिरतो,
सुलक्षा रडली तर आधी विचारतो, कधीपासून?
मी त्याच्या तोंडी चंद्र घातला.
त्याने तिथी सांगितली.

शेवटी सकाळी निरोप धाडला आणि संध्याकाळी
चप्पल हातात घेऊन बांधावरून गेले
रोहिदासकडे. खरी मानस तो राखतो.
जाळ्यातली सुंगटं निवडत होता.
मी विचारलं, रात्र आहे, भरती आहे,
तुझं माणूस होडीत, दाराच्या बाहेर.
उघडशील?

"ना."
सुंगटांवरून नजरही उचलली नाही.
"उघडणारा मी कोण? दार पाणीच लावतं.
बाहेरचं चढलं की दाबून बंद,
आतलं वरचढ झालं की आपसूक उघडं.
फटीत काटकी अडकली नाही ना, एवढंच मी बघतो.
आणि जबरदस्तीने उघडलं,
तर आत बावीस घरांचं कोरगूट आहे.
मीठ शिरलं तर तीन वर्षं दाणा नाही.
ती पण भातच जेवते ना?"

मग ती रागावून गेली तर?

"जाईल कुठे? ओहोटी पावणेचारला."
जरा थांबला. एक पिल्लू खेकडा पाण्यात परत टाकला.
"पण ती यायची आहे हे मला ठाऊक असलं,
तर मी दुपारीच वरच्या बांधाची वाट साफ करीन.
काटे काढीन. वळणावर कंदील ठेवीन.
रात्री धावायची पाळी
दुपारी झोपलेल्यावर येते."

घरी येऊन अकरावं प्रकरण फाडलं.
नव्यात सगुण धावत नाही.
दुपारभर कोयता चालवतो,
शर्ट पाठीला चिकटतो,
कंदिलात रॉकेल किती तास पुरेल मोजतो,
आणि तासाभराचं जास्त घालतो.
हिशेबात न बसणारं
त्याच्याकडे एवढंच.

गोऱ्यांनी वाचलं. म्हणाले, यात प्रेम कुठे आहे?
मी म्हटलं, तासभर रॉकेल आहे, पुन्हा बघा.

एक मात्र मी लिहिलं नाही.
त्या संध्याकाळी परतताना दिसलं,
जाताना कसं कोण जाणे, दिसलं नव्हतं:
बांध संपतो तिथून थेट माझ्या फाटकापर्यंत
मारांडीची काटेरी झुडपं
त्याच दिवशी कापलेली, एका बाजूला रचलेली.
कादंबरीत घातलं असतं
तर गोरे म्हणाले असते, योगायोग.

चप्पल मी हातातच ठेवली.