अठरा घन इंच

खिळेवाला डबा नको, वेंडेल म्हणाला,
तो नव्या घरांना, जिथे भिंती अजून उघड्या असतात.
हे घर शंभरी गाठलेलं. चुन्याचा गिलावा,
मागे लाकडी पट्ट्या, बरगड्यांसारख्या.
इथे कानवाला लागतो:
स्क्रू पिळला की आत कान उघडतात
आणि भिंतीला मागून धरतात.

भिंतीला कान असतात म्हणे, मी म्हटलं.
आज आपण दोन बसवू.
तो हसला नाही. मोज, म्हणाला.
येणाऱ्या दोन तारा, जाणाऱ्या दोन,
अर्थिंगच्या सगळ्या मिळून एक,
सॉकेटचे दोन धर.
सात.
प्रत्येकीला तिची जागा.
कोंबलंस तर तापतात, दिसत मात्र नाही.
म्हणून खोल डबा. अठरा घन इंच.

मिसेस ओडेगार्ड पलंगावर बसून बघत होत्या,
नाकात नळी, यंत्राची वायर हॉलमधून ओढलेली,
जिला त्या दोनदा अडखळल्या होत्या.
खिडकीबाहेर दुलुथचा गोठलेला तलाव.
उजव्या बाजूला लावा, त्या म्हणाल्या,
ती बाजू आता रिकामीच असते.

मी पेन्सिलीने चौकट आखली,
करवत चालवली हळूहळू, गिलावा तडकू नये म्हणून.
खिळे शोधायला लोहचुंबक दोरीला बांधून आत सोडलं
आणि वर ओढलं
तर मिशा फुटाव्यात तसं ते
पात्यांनी भरून आलं.
दाढीची पाती. गंजलेली, पातळ,
एकमेकींना चिकटलेली.

भिंतीपलीकडे न्हाणीघर.
आरशामागच्या कपाटाला, वेंडेल म्हणाला, एक फट असायची,
वापरलेलं पातं त्यात टाकायचं.
कुठे जातं, कुणी विचारत नसे.

ऑर्विन, त्या म्हणाल्या.
मग बराच वेळ यंत्रच बोलत राहिलं.
दर रविवारी नवं पातं. किती आहेत?
मी बोटाने ढीग चाळला, बोट कापलं,
मोजणं सोडलं.
खूप, म्हटलं.
परत टाका, त्या म्हणाल्या.

वेंडेलने घड्याळ पाहिलं. मग मान हलवली.
मूठमूठ नाही, चिमटीचिमटीने सोडली मी,
खालच्या लाकडावर पडताना आवाज येई
पावशेर तांदूळ निवडल्यासारखा.
डबा बसवला. कान उघडले.
तारा घडी घालून आत सारल्या,
पाटी लावली, वरचा स्क्रू जरा तिरका राहिला.

यंत्राची पिन त्यांनी स्वतः खोचली.
बिलात वेंडेलने
एक डबा, एक सॉकेट, दोन तास लिहिले.
आम्हाला तीन लागले होते.