मूडू

रविवारी पहाटे साडेपाचला
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत,
बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याच्या आवारात
आम्ही बॉनेटं उघडतो.
अकरा गाड्या, अकरा जबडे,
दातांच्या डॉक्टरकडं रांग लागल्यासारखे.

एप्रिलात याहून उशीर परवडत नाही.
आठनंतर पाना हातात धरवत नाही.

गुरुलिंग हलकुडेची एस्टीम.
सायलेन्सरचा मधला डबा काढलेला,
त्यामुळं त्याच्या पेठेत
पोरं झोपवणाऱ्या सगळ्या बायका
त्याला नावानिशी ओळखतात.
तौसिफ नदाफची डिझेल स्विफ्ट
वरून अगदी शाळामास्तर,
आत मॅप बदललेला.
पंच्याहत्तरची एकशेपाच झाली म्हणतो.
"कागद दाखव की बे."
"कागद कशाला? बस की शेजारी."
आणि रेवणसिद्धची पद्मिनी,
काचेच्या रबरापर्यंत कंपनीची.
तिच्यापुढं आम्ही जरा दबून बोलतो,
उपासाच्या माणसासमोर भजी खाताना बोलावं तसं.

माझी झेन, शहाण्णवची.
मोठा कार्बोरेटर, हेड वीस थाउ तासलेलं,
पोर्ट मी स्वतः घासले, बारा रात्री,
आईच्या तंबाखूच्या सुपाशेजारी बसून.
ती विडी वळायची, मी लोखंड घासायची.
कुणाची खोकल्याची उबळ आधी थांबते ते बघायचो.

महिनाभर ती चार हजारांवर अडखळत होती.
कुणी म्हणालं जेट, कुणी टायमिंग,
कुणी म्हणालं पंपवाल्यानं पाणी घातलंय,
रेवणसिद्ध म्हणाला, नजर.
तौसिफनं ऐटीत स्कॅनर काढला.
झेनला तो खुपसायला जागाच नाही.

त्या दिवशी नायना बरोबर होते.
चार दिवसांनी नळाला पाणी येणार,
पायात पायात येतात म्हणून
आईनंच त्यांना गाडीत बसवलेलं.
एकतीस वर्षं जॅकार्डच्या मागांवर जॉबर.
कान तिथंच ठेवून आले.

उतरले. बंद शेडच्या पत्र्याकडं पाहिलं थोडा वेळ.
मग न विचारता आत हात घालून
चालू इंजिनवर तळवा टेकवला,
डोळे मिटले.
मी रेस वाढवली. त्यांनी बोटानं सांगितलं, अजून.
अजून.
मग तीन बोटं वर.
"मूडू!"
एवढ्या मोठ्यानं की शेडवरचे पारवे उडाले.

तिसऱ्याचा प्लग काढला.
पांढऱ्या चिनीमातीला केसाएवढी चीर.
मी हा प्लग सहा वेळा पाहिला होता.

मग काय, रांगच लागली.
"काका, आमचीबी बघा की."
एस्टीमला म्हणाले, डावं माउंटिंग ढिलं.
निघालं ढिलं.
पद्मिनीला नुसतं थोपटलं.
स्विफ्टवर हात बराच वेळ राहिला,
आणि त्यांनी मान हलवली. कळेना.
तौसिफ लॅपटॉप घेऊन आला.
आकड्यांच्या रांगा, आडव्या, उभ्या,
कुठल्या चौकटीत किती डिझेल.
मी खुणांनी सांगितलं.
ते वाकले, पडद्यावर नख टेकवलं,
हवेत बोटानं भोकं पाडली, ठक ठक ठक,
पुठ्ठ्याच्या पत्त्यांना पाडायचे तशी.
एक भोक चुकलं
तर मोराची मान तुटते,
म्हणाले तौसिफला, तेलुगूत,
आणि तौसिफ, ज्याला तेलुगूचं ओ की ठो कळत नाही,
"हो काका," म्हणाला, आणि फाइल परत उघडून बसला.

ऊन पत्र्यावर आलं. कुणीतरी
शेंगाचटणी आणि कडक भाकरी काढली,
काळ्या बोटांनीच खाल्ली.

परतीला घराकडं वळायचं सोडून
मी कुंभारीकडं घेतली.
दोन हजार, तीन.
नायनांचा तळवा डॅशबोर्डवर.
चार.
मी त्यांच्याकडं पाहिलं.
त्यांनी रस्त्याकडं बघ अशी खूण केली.