राखाडी अंगठा

मे महिन्यात मी बारा वर्षांचा होतो.
बायको म्हणते, तेवढा तरी हो,
जून लागला की साठीचाच असतोस.

राजारामपुरीत तिसरा मजला, वर पत्रा,
खोलीचा तवा झालेला,
आणि मी मांडीवर किशोर कादंबऱ्या घेऊन.
एकोणीस आणल्यात, शाळेच्या लोखंडी कपाटातून,
शिक्क्यांसकट, झुरळांच्या अंड्यांसकट.
पेन्सिल कानावर. हा माझा सुट्टीतला अभ्यास :
जूनमध्ये कुणाच्या हातात काय द्यायचं.

एकही पान मी माझ्या डोळ्यांनी वाचत नाही.
हे जंगलाचं वर्णन लांबलं, इथं संग्राम जांभई देणार.
हा विनोद कादंबरीकारालाच आवडलाय.
मामाच्या गावाला गेलेली मुलं,
नदीकाठची गुहा, गुहेत चोर.
माझ्या वर्गातली मुलं सुट्टीत कुठं जात नाहीत.
हुपरीच्या गल्ल्यांत बसून पैंजणाच्या कड्या जोडतात,
मजुरी किलोवर.
चोर पकडायला सवड कुणाला.

आणि एकोणिसांपैकी सहा पुस्तकांत कुत्रं मरतं.
काय झालंय या लिहिणाऱ्यांना?
सानिकाचा वाघ्या गेल्याला चारच महिने झालेत.
मी यादीत फुल्या मारत जातो.

अकरावं पुस्तक दीपगृहावरच्या मुलीचं.
उजव्या कोपऱ्यांवर अंगठ्याचे ठसे,
राखाडी, चांदीच्या मळाचे,
साबणानंसुद्धा न जाणारे.
पान अकरा, पान सत्तावीस, पान एकोणचाळीस.
एकसष्टवर दोनदा.
तिथं काहीच घडत नाही. मुलगी एकटी जेवते,
ताट तिथंच ठेवून उठते,
आणि तिला कुणी ओरडत नाही.
त्र्याऐंशीवर शेवटचा ठसा.
पुढं सगळं कोरं, पांढरं,
शेवटच्या पानापर्यंत.

कार्डावर नाव : रेहाना शिकलगार, सहावी ब.
मला आठवलं. विचारलं होतं, वाचलंस?
वाचलं की सर.
शेवट?
लई भारी.
आणि मी वहीत लिहिलं होतं, वाचन पूर्ण,
साहेब येणार होते त्या आठवड्यात.

दुसऱ्या दिवशी वडापात बसलो,
एका सीटवर चौघं, मांडीवर कुणाचा तरी भोपळा.
रेहाना दारातच होती, पुढ्यात पाटी, पाटीत कड्या,
आत चुलती डाग देत होती, फुंकणीचा फुस्स आवाज.
सर, सुट्टीत?
हात ओढणीखाली गेले.

मी म्हटलं, त्र्याऐंशी पानं झालीत माझी,
पुढं काय होतं गं?
मला तरी कुठं म्हायती,
ती बोलून गेली,
आणि मग जीभ चावली.
आत चुलती हसली, फुंकणी बाजूला ठेवून.

खरं तर काल रात्रीच मी शेवटापर्यंत गेलो होतो.
हात चालू दे तुझे, म्हटलं,
आणि तांदळाच्या पोत्यावर बसून
चौऱ्याऐंशीपासून मोठ्यानं सुरू केलं.
समुद्र ना तिनं पाहिलेला, ना चुलतीनं.
लाटा आल्या की कड्यांचा वेग वाढायचा.
शेजारची दोन पोरं उंबऱ्यावर येऊन टेकली,
त्यातलं एक संग्रामचं धाकटं, नाक ओढत.
चहा आला. गार झाला.

एकशे दोनवर दीपगृहात कुत्रं येतं.
तांबडं, एका डोळ्यानं आंधळं.
पायरीवर झोपतं, बापाच्या बुटावर हनुवटी ठेवून.
रेहाना पहिल्यांदाच हसली.
चुलती म्हणाली, आमच्या पेंटरसारखं हाय.
मला पुढचं माहीत होतं.
एकशे एकोणीस आलं, मी घसा साफ केला,
दोन पानं एकदम उलटली,
आणि सकाळ झाली होती, गलबत दिसत होतं,
असं वाचत सुटलो.

पाटीतला आवाज थांबला.
सर,
तुमी पान गाळलासा.

नाही गं.

गाळलासा. कुत्रं कुठं गेलं?

उंबऱ्यावरची पोरं माझ्याकडं बघत होती.
रेहानानं हात ओढणीला पुसले,
वाकून पुस्तकाचा कोपरा धरला,
चिकटलेली दोन पानं सोडवली,
आणि बोट ठेवलं.

हितनं वाचा.