सात नंबरचं कुलूप

चौसष्ट स्लाइड्स घेऊन मी उभी होते
विलेनहॉलच्या 'ट्रँटर आणि कन्या' मध्ये,
कँटीनमध्येच, कारण दुसरी खोली नाही.
मागे किटली, पुढे एकोणीस माणसं,
खिडकीबाहेर फेब्रुवारी, ओल्या लोखंडाच्या रंगाचा.
पहिल्या अकरा स्लाइड्स नुसत्या प्रस्तावनेच्या.
आमच्याकडे याला म्हणतात
नमनालाच घडाभर तेल,
पण हे तिथे कुणाला सांगणार, आणि कसं.

पाच स्तंभ होते माझ्याकडे, तीन क्षितिजं,
एक पिरॅमिड, त्याच्या टोकाला 'व्हिजन',
आणि बाण. इतके बाण
की लढाई नुकतीच उरकली असावी.

पॅकिंगच्या निर्मल कौरनं हात वर केला.
बावीस वर्षं ती बघते आहे
कुलूप आणि त्याचीच किल्ली
एका खोक्यात पडतात ना.
म्हणाली, सगळं ठीक आहे, बेटा,
पण सोमवारी सकाळी
मी वेगळं काय करायचं?

मी मागची स्लाइड लावली. पुढची लावली.
चौसष्टांत कुठेच सोमवार नव्हता.

ग्लेनिस ट्रँटर हसली नाही.
तिनं एका खोक्याचा कान फाडला,
मार्कर माझ्या हातात दिला.
यावर मावेल तेवढंच, म्हणाली.

पहिली ओळ सोपी गेली:
जुन्या घरांच्या दारांसाठी कुलपं करायची.
दुसरीला चहाचे दोन कप लागले:
ऑर्डरपासून सहाव्या दिवशी माल बाहेर.
तिसरी मला केव्हाची ठाऊक होती.
पहिल्याच आठवड्यात हिशेब चाळताना दिसलेली,
दातात अडकलेल्या तिळासारखी,
आणि तिच्यावरच मी रचत गेले होते
एकेक स्लाइड,
पोर्टफोलिओ, पुनर्रचना, टप्प्याटप्प्यानं,
कुणाला लागू नये म्हणून.
किंवा मलाच म्हणावं लागू नये म्हणून.

मार्कर टेकवून थांबले तर
शाई पसरायला लागली. मग लिहिलं:
सात नंबरचं पितळी कुलूप बंद.

ते तिच्या वडिलांनी आखलेलं.
त्याचं पेन्सिलीचं चित्र त्याच भिंतीवर,
फ्रेममध्ये, कोपऱ्यात जॅमचा डाग.
लेथवरच्या ऑस्टिन बेडोनं टोपी काढली,
पुन्हा घातली.
किटलीचा खटका पडला.

ग्लेनिसनं ओळ वाचली, ओठ हलवत,
शाळेत वाचतात तशी.
'बंद' नको, म्हणाली. कुलूप बंदच असतं.
लिही, 'करायचं नाही'.

मी खोडलं. लिहिलं.
अक्षर काही फार चांगलं आलं नाही.

पुठ्ठा आता हजेरीच्या यंत्राशेजारी खिळ्याला आहे.
सोमवारी पावणेसातला पोचले तेव्हा
निर्मलनं टेबल दाराकडे ओढलं होतं,
सात नंबरची रिकामी खोकी
चपटी करून, दोरीनं बांधून.
कुणी सांगितलं, मी विचारलं.
तिनं हनुवटीनं पुठ्ठा दाखवला.

बिल अजून पाठवलेलं नाही.
चौसष्ट स्लाइड्सचा दर ठरलेला आहे.
तीन ओळींचं किती लावायचं,
आणि त्यातल्या तिसरीचं?