शून्य चारशे वीस

तीन आठवड्यांपूर्वी मीच बसवला होता
नवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर,
व्हर्ना स्ट्रँडबर्गच्या सुबारूखाली पाठीवर पडून,
मिठाने खाल्लेले बोल्ट ज्योतीवर लालबुंद करून,
त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून.
जुना काढला तेव्हा आतून खुळखुळला,
डब्यात चार खडे टाकावेत तसा.

आणि आज ती परत दारात.
चौऱ्याऐंशी मैलांवर पेटला, म्हणाली.
पिवळा. एवढासा.
इंजिनाचं चित्र म्हणे,
मला ते अजूनही पाणबुडीसारखंच दिसतं.

यंत्र जोडलं. पडद्यावर उमटलं:
पी शून्य चारशे वीस.
कुणीतरी फसवतंय, एवढंच त्याचं म्हणणं.
कोण, ते सांगत नाही.

काळी चिकटपट्टी लावून देऊ का, गमतीत विचारलं.
मिनेसोटात धूर तपासायला कुणी येत नाही, हेही.
ती हसली नाही.
"रायनो, मला दिसलंय ना आता."

दोन सेन्सर असतात. एक कन्व्हर्टरच्या अलीकडे, एक पलीकडे.
अलीकडचा सदा वरखाली,
हे जास्त झालं, ते कमी पडलं.
पलीकडच्याने मात्र शांत बसायचं.
आतलं काम नीट झाल्याची खूण म्हणजे
त्याच्याकडे सांगण्यासारखं काही न उरणं.

व्हर्नाच्या गाडीत पलीकडचाही नाचत होता.

सरळ हिशोब: नवा माल हलका.
पुरवठादाराला झाडायला मी फोन उचललाही.
वॉरंटीचा कागद कॉफीच्या मगाखाली सापडला,
नेमका तारखेवर गोल डाग.

"थांब," ती म्हणाली.
ती तीन चर्चमध्ये ऑर्गन वाजवते.
गारठलेलं इंजिन सुरू करायला लावून
दाराच्या खालच्या काठाशी वाकली, टोपी कानावरून सारून.
"कुणीतरी श्वास घेतंय.
नुसता सोडत नाही, आतही घेतंय.
नाइफ रिव्हरच्या ऑर्गनचा भाता फाटला
तेव्हा हेच ऐकू आलं होतं.
पाद्री म्हणाले होते, उंदीर."

धुराचं यंत्र लावलं.
पांढरा धूर नळीतून आत गेला
आणि पुढच्या जोडातून, केसाएवढ्या फटीतून
निवांत वर आला.

गॅस्केट.
नवं घालायला हवं होतं.
जुनं बरं दिसलं, पुसलं, तेच दाबून बसवलं.
तिचे अकरा डॉलर वाचवले, असं मनाशी म्हणालो.
खरं तर दुकान बंद व्हायला दहा मिनिटं होती
आणि पाठ भरून आली होती.

दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जायची.
सेन्सर तेवढंच सांगत होता, जेवढं त्याच्यापर्यंत पोचत होतं.
कन्व्हर्टर निर्दोष. साक्षीदार प्रामाणिक.
आणि दिवा पिवळा.

सांगावं की नाही, असा एक क्षण आला.
थंडीने जोड सुटतात, असं म्हणता आलं असतं,
तिने मानलंही असतं.
सांगितलं.
"अकरा डॉलर?" ती म्हणाली. "अकरा?"
मग हातमोजे चढवत,
"वाटलंच होतं. त्या दिवशी तू घड्याळाकडे बघत होतास."

कोड पुसणं एका बटणाचं काम.
पण गाडीचा मेंदू लगेच विश्वास ठेवत नाही.
त्याला रात्रभराची थंडी हवी, मग लांब रस्ता,
एका वेगाने, मधे न थांबता.
तोवर पडद्यावर एकच शब्द.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एकसष्ट नंबरच्या रस्त्यावर,
तासाला पंचावन्न,
उजवीकडे सरोवर, काठाला बर्फाची साय,
डावीकडे बर्च.
ती चालवते. मी मांडीवर यंत्र धरून बसलोय
शाळेत पाटी धरावी तसं.
गूजबेरीचा पूल गेला.
अपूर्ण.
कॅसल डेंजर कधीच मागे पडलं.
अपूर्ण.
व्हर्ना बोटांनी स्टीअरिंगवर कुठलंसं स्तोत्र वाजवते आहे,
डावा पाय खालचे सूर शोधतो आहे.
उजवा मात्र जराही हलत नाही.