शिडी धरणारा

पुंता अरेनासला, लोकरीच्या गोदामावर
सोळा कॅमेरे बसवले मी.
शिडी धरली एलेउतेरियो बारियाने,
एकोणीस वर्षं तिथलाच रात्रीचा पहारेकरी.
कॅमेरे लागले की आपली पाळी संपणार
हे त्याला ठाऊक होतं.
शिडी मात्र हलली नाही.

मागच्या दाराचा पत्रा, तो म्हणाला,
सामुद्रधुनीवरून वारा सुटला की कुरकुरतो, तीनच्या सुमाराला.
सांगून ठेव तुझ्या डब्याला.
मी हसलो.
सेन्सर दोन घरं खाली आणला,
म्लादिनिच साहेबांची सही घेतली आणि निघालो.

पहिल्याच आठवड्यात अकरा वेळा भोंगा.
अकरा वेळा पोलीस, शेवटी दंडाची पावती.
बाराव्या रात्री, लाजतच, त्याला फोन लावला,
कॅमेऱ्याच्या माइकातला आवाज ऐकवला.
त्याच्याकडे किटली उकळत होती.
"वारा," म्हणाला. "झोप."

तेव्हापासून असंच चाललंय.
बिलात त्याचं नाव नाही,
महिनाअखेरीस मी मातेचं एक पाकीट नेऊन देतो.
मालकाला वाटतं, यंत्र सुधारलं.

काल मात्र तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग कपाट उघडल्याचा आवाज, बुटांचा.
"पत्रा नाही हा.
पत्रा मध्ये मध्ये दम खातो.
तू पोलिसांना लाव, मी पुढे होतो."
कुलूप नवं आहे, मी म्हणालो, आत कसा जाशील?
"मागच्या दाराचं जुनंच आहे की.
किल्ली परत मागायला विसरलात तुम्ही लोक."