शेरा

क्रीडाकोशाच्या कचेरीतून पाकीट आलंय:
हेडाऊ, द्वारका. खो-खो पंच.
सव्वाशे शब्द. तपासून आठ दिवसांत परत करा,
दुरुस्ती लाल शाईने, पुराव्यासह.
लाल पेन घरात नाही. नातीचं घेतलं,
त्याच्या टोकाला ससा आहे.

जन्म १ जून.
हे आधी खोडलं.
गोळीबार चौकातल्या अर्ध्या पोट्ट्यांचा जन्म
हेडमास्तरांनी एक जूनलाच उरकलेला.
ही मारबतीच्या दिवशीची.
रस्त्यावर पिवळी मारबत चाललेली ढोलताशात
आणि आत, मागाच्या खड्ड्याशेजारी, ही.
तिची माय सांगायची,
पहिलं रडणं कोणाला ऐकूच आलं नाही.
पुरावा: माय. वारली.

"पुरुषांच्या सामन्यात शिट्टी वाजवणाऱ्या
विदर्भातील पहिल्या महिला."
असेल. माझ्या पाहण्यात तरी पहिलीच.
पण "प्रेक्षकांनी उत्साहाने स्वागत केले"
हे कुठून आणलं, साहेब?
मी होतो चिटणीस पार्कात.
दोनशेचे बल्ब, तारेवर पाखरांचा खच,
ती आली पांढऱ्या सुती साडीत, पदर खोचून,
पायात कॅनव्हासचे बूट, भावाचे असावेत,
आणि बाकांच्या मागून कोणीतरी ओरडलं:
खोकला, खरूज, बाईमाणूस पंच
घेऊन जा गे मारबत!
मग सगळं मैदानच.
तिने शिट्टी पदराला पुसली.
नाणं उडवलं.

"स्वभावाने अत्यंत कडक."
राहू दे. पण खांबाजवळ एक खिळा वर आलेला,
तो तिलाच दिसला,
सामना थांबवून तिनेच दगडाने ठोकला.
कमिटीचे तिघं खुर्च्यांवरून बघत होते.
याला कोशात काय शब्द आहे, माहीत नाही.

आणि शेवटचं वाक्य:
"एकदा दिलेला निर्णय त्यांनी कधीही मागे घेतला नाही."
इथे ससा थांबला.

अंतिम सामना. अर्धा मिनिट उरलेला,
समोर त्यांचा एकच गडी,
मी खो घेऊन उठलो आणि झेपावलो,
बोटं त्याच्या पाठीला लागली,
आणि शिट्टी. फाऊल.
मध्यपाटीला पाय.

मी म्हटलं, नाही जी मॅडम, लागलाच नाही.
म्हणता म्हणता
डावा पाय उजव्या पोटरीवर घासला,
घामाने फक्की लगेच निघते.
मग पुढे केला. बघा.

ती उकिडवी बसली.
माझा पाय तळहातावर घेतला,
अंगठा उजेडाकडे वळवला.
पोटरीकडे तिने पाहिलं नाही.
की पाहिलं?
उठली, हात वर केला,
शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं म्हणाली:
माझं चुकलं. गडी बाद.

आम्ही एका गुणाने जिंकलो.
आरोळ्या थांबल्या नाहीत, उलट वाढल्या,
आता त्यांना कारण मिळालं होतं.
कप अजून आहे. त्यात बायको सेफ्टी पिना ठेवते.

त्यानंतर बर्डीवर दोनदा दिसली ती.
एकदा भाजी घेत होती. मी रस्ता ओलांडला.
दुसऱ्यांदा तिने ओलांडला,
ट्रॅफिकमुळेही असेल.

वाक्य तसंच ठेवलं तर तिचा मान राहतो,
आणि माझाही.
दोन्ही कसे राहतील एका वाक्यात?
वामकुक्षी झाली, चहा झाला,
नात पेन मागून गेली, दिलं नाही.

शेवटी समासात लिहिलं:
एकदा मागे घेतला. दिला तेव्हा बरोबर होता.

पुराव्याचा रकाना अगदी अरुंद.
बँकेतून निवृत्त होताना शाईची गादी आणली होती,
तिच्यावर चार थेंब पाणी टाकलं.
मोजा काढला.
खुर्चीचा आधार घेऊन, वाकता येईना म्हणून
कागदच जमिनीवर ठेवला,
आणि डावा अंगठा टेकवला.

जरा फरकटलाय. रेषेच्या बाहेर गेलाय.
पण वाचता येतो.